साबणानं बुजवलेलं भोक

मी एक जुनी इनॅमलची परात आहे. खोलगट, पांढरी, काठाला निळी रेघ. आणि मित्रांनो, माझ्या बुडाला वाटाण्याएवढं भोक आहे, हे आधीच सांगून टाकते. ते कसं पडलं ही गोष्ट दोन वर्षं लपून राहिली होती आणि त्या दोन वर्षांत मी काय सोसलं ते माझं मलाच ठाऊक. तेव्हापासून कुणाशीही बोलायला लागले की भोकाचं पहिलं सांगते.

माझा स्वभाव जात्याच घोर लावून घेणारा. कारखान्यात भट्टीतून बाहेर आले तेव्हा शेजारच्या परातीचा लेप तडतडून उडाला आणि तिला बाजूला फेकून दिलं. त्या क्षणी जी धाकधूक मनात शिरली ती कायमची. मुसोमा शहराच्या बाजारात दुकानाबाहेर मला दोरीला टांगलं होतं. तिथेही मला वाटायचं, दोरी तुटली तर? गिऱ्हाईक आलंच नाही तर? आणि आलं तर कसलं येईल?

गिऱ्हाईक आलं ते याकोबो. सरोवराच्या काठावर बुसेंगे नावाचं गाव आहे, तिथल्या मेनोनाईट पंथाच्या ख्रिस्ती मंडळीचा तो डीकन होता. मंडळीच्या वस्तू आणि मंडळीतले गरजवंत, दोन्हीची काळजी त्याच्याकडे.

"घ्या की," दुकानदार म्हणाला, "लग्नात भात काढायला एक नंबर."

"भात नाही. पाय धुवायचेत."

"पाय धुवायला नवी कोरी परात? घरात बादली नाही का हो?"

"स्वतःचे असते तर बादली चालली असती," याकोबो म्हणाला. "दुसऱ्याचे धुवायचेत."

दुकानदारानं दोरी सोडून मला त्याच्या हातात दिलं. मला काही उलगडेना.

बुसेंगेला आल्यावर मला सगळं कळलं. वर्षातून दोनदा या मंडळीत प्रभुभोजन असतं. एका भाकरीचे तुकडे सगळ्यांनी खायचे, एका प्याल्यातून प्यायचं. पण त्याच्या आधी एकमेकांचे पाय धुवायचे. पुरुषांचे पुरुषांनी, बायकांचे बायकांनी. त्यांच्या गुरूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून. पाय पुसून झाले की दोघींनी गळाभेट घ्यायची, 'शांती असो' म्हणायचं. मी बायकांच्या बाजूची परात. मी माणसांना तोंडावरून ओळखत नाही, टाचांवरून ओळखते. कुणाच्या भेगांत वाळवणावरच्या मासळीचे खवले, कुणाच्या बोटांत सरोवराची वाळू. माझ्यात एकदा पाय बुडाला की मी तो विसरत नाही.

या लोकांची भांडणंसुद्धा न्यारी. दोन बायका समोरासमोर बसायच्या आणि सुरू व्हायचं. "आधी मी तुझे धुते." "छे छे, तू मोठी, आधी मी तुझे." "मोठी आहे म्हणूनच सांगतेय, बस गपचूप!" नम्रपणात कोण पहिली यावरून इतकी चुरस, की पाणी गार होऊन जायचं.

रविवारी मुलांच्या वर्गात मंडळीची उपासना चालवणारे पाळक माफुरू जुन्या गोष्टी सांगायचे. पाच शतकांपूर्वी, दूरच्या थंड देशांत, काही माणसांनी ठरवलं की बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला नको, कळत्या माणसानं स्वतःहून मागून घ्यावा. तेवढ्यावरून राजे आणि मोठे धर्मगुरू खवळले. कित्येकांना जाळलं, कित्येकांना हातपाय बांधून नदीत बुडवलं. 'तुम्हाला पाणीच हवं ना, घ्या पाणी,' असं म्हणून. ते ऐकलं की माझ्या काठाला शहारा यायचा. माझं सगळं आयुष्य पाण्यात गेलं. पाण्यानं असंही करता येतं, हे मला कुठं माहीत होतं? त्या लोकांनी उलट हात उगारला नाही. ते तलवार धरत नसत आणि शपथही घेत नसत. आपलं होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही, वर शपथेचा शिक्का कशाला, असं त्यांचं म्हणणं. याकोबोचंही तेच. एकदा कचेरीत साक्ष द्यायला गेला आणि शपथ घ्या म्हटल्यावर म्हणाला, "शपथ नाही घेत साहेब. खरं सांगतो, तेवढंच." साहेब वैतागले, पण शेवटी त्याचं नुसतं बोलणंच लिहून घेतलं.

जानेवारीत एक रविवार असा यायचा की जगभरच्या अशा मंडळ्या एकमेकींची आठवण काढायच्या. काँगोहून आलेलं पत्र वाचलं जायचं, पाराग्वेहून आलेलं गाणं म्हटलं जायचं. एके वर्षी हिंदुस्थानातून एक बाई आली होती. तिनं मला उचलून उलटसुलट पाहिलं आणि हसत म्हणाली, "आमच्याकडे लग्नात जावयाचे पाय धुतात असल्या परातीत."

याकोबोची बायको न्यामिसी शेजारीच होती. तिनं लगेच विचारलं, "जावयाचेच? आणि सुनेचे?"

 ते बोलणं माझ्या लक्षात राहिलं.

याकोबो गेला आणि माझी राखण न्यामिसीकडे आली. तोवर ती सगळ्या गावाची न्यामिसी आजी झाली होती. तिनं मला जपलं हो! वापरून झालं की कोमट पाण्यानं धुवायची, फडक्यात गुंडाळून फळीवर उपडी ठेवायची. लग्नघरच्या बायका यायच्या. "आजी, एकच दिवस द्या ना परात." आजी दारातूनच सांगायची, "भात काढायला केळीची पानं आहेत. ही परात मागायची नाही. देवाच्या कामाचं भांडं आहे, लग्नाच्या पंगतीचं नाही." बायका तोंड वाकडं करून जायच्या. मला तेव्हा फार बरं वाटायचं. आता वाटतं, इतकं कडक बोलली नसती तर पुढचं सोपं गेलं असतं.

आता भोकाचं सांगते.

प्रभुभोजन रविवारी होतं. बुधवारी आजीनं मला घासून अंगणातल्या मांडवावर वाळत ठेवलं आणि घरात न्यायला विसरली. गुरुवारी पहाटे सरोवरातून पाणघोडा वर आला आणि आजीच्या रताळ्यांच्या वाफ्यात शिरला. कचाकचा वेल खायला लागला. आजी कुदळ घेऊन धावत बाहेर आली. पाणघोड्यासमोर कुदळ काय कामाची? आवाज करायला हवा. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. हाताशी होते मी. तिनं एका हातात मला धरलं, दुसऱ्या हातातल्या कुदळीच्या मागच्या लोखंडी टोकानं माझ्या बुडावर दणादण ठोकायला सुरुवात केली.

"हो मागं! चालता हो! तुझ्या बापानं लावलीत का रताळी?"

देवाच्या कामाचं भांडं! माझ्या कानठळ्या बसल्या. पाणघोड्यानं कान हलवले, आणखी दोन वेल ओढले आणि आपल्या सवडीनं पाण्यात उतरला. आजी दम खात उभी राहिली. मग तिनं मला वर धरलं. सूर्य नुकता उगवला होता. माझ्या बुडातून उजेडाचा एक ठिपका आरपार गेला आणि आजीच्या पायावर पडला.

"अगं बाई," आजी पुटपुटली.

तिनं चहूकडे पाहिलं. कुणी नव्हतं. घरात जाऊन तिनं पांढऱ्या साबणाचा तुकडा आणला, मऊ केला आणि भोकात दाबून बसवला. पांढऱ्यावर पांढरं, कुणाला दिसणार? "रविवार तेवढा निभावू दे," ती मला म्हणाली. "बुधवारी मुसोमाला नेऊन डाग देऊन आणते. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

मी काय बोलणार? परातीला तोंड नसतं. पण माझा जीव खालीवर व्हायला लागला. साबण आणि पाणी यांची मैत्री मला चांगली ठाऊक होती.

शनिवारी आजीची मुलगी दोरिका आली. ती गावातच राहते. तिनं मला फडक्यानं पुसलं. रविवारी सकाळी आजीची सून अकेयो मला डोक्यावर घेऊन उपासनेला गेली. अकेयो लुओ लोकांतली, पलीकडच्या खाडीवरच्या गावातून या जिता लोकांत लग्न होऊन आलेली. सासूला आत्याबाई म्हणायची, दोरिकाला वन्सं. तोवर या नणंद-भावजयांचं बरं चाललं होतं. त्या दिवशी दोघी शेजारी बसल्या होत्या, म्हणून जोडीही दोघींचीच लागली.

अकेयोनं माझ्यात ऊन पाणी ओतलं. दोरिकानं पाय बुडवले. मी साबणाला धरून ठेवायचा जीव तोडून प्रयत्न केला, पण तो विरघळत गेला. आधी थेंब, मग धार. अकेयोनं कमरेला गुंडाळलेली नवी कांगा ओली झाली, जमिनीवर ओहोळ आला. दोरिकानं पाय काढले, मला उपडी केलं आणि बोट फिरवलं.

"साबण," ती म्हणाली. "कुणीतरी भोक पाडलंय आणि वर साबण लावून लपवलंय."

"माझ्याकडे काय बघता वन्सं? मी आत्ता सकाळी उचलली."

"मी काल पुसली तेव्हा धड होती."

"धड होती की धड दिसत होती? पुसणारीला दिसायला नको?"

"म्हणजे मी लपवलं म्हणतेस?"

"मी कुठं म्हटलं? तुमचं तुम्हीच म्हणताय."

आणि मग दोरिकाच्या तोंडून ते गेलं. "तुमच्याकडे मासळीचं भांडं आणि देवाचं भांडं एकच असेल. आमच्याकडे नाही."

आमच्याकडे आणि तुमच्याकडे! इतकी वर्षं त्या छपराखाली हे दोन शब्द कुणी असे उच्चारले नव्हते. अकेयो उभी राहिली. तिच्या माहेरच्या दोन बायका उभ्या राहिल्या. मग दोरिकाच्या बाजूच्या उभ्या राहिल्या. मी आजीकडे पाहत होते. आजीनं तोंड उघडलं. आता सांगेल, मला वाटलं. तिनं तोंड मिटलं.

पाळक माफुरूंनी भाकरी पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवली. त्या दिवशी भोजन झालं नाही.

मित्रांनो, या मंडळीत भोजनाच्या आधी एक बैठक असते. प्रत्येकाला विचारतात, देवाशी शांती आहे का? शेजाऱ्याशी शांती आहे का? दुसरीकडे कुणी नुसतं 'हो हो' म्हणून वेळ मारून नेली असती. ही माणसं पडली खऱ्याला चिकटून. अकेयोनं सांगितलं, "नाही." दोरिकानं सांगितलं, "नाही." काहीजण म्हणाले, त्या दोघींना बाजूला बसवा आणि बाकीच्यांचं उरका. पाळक म्हणाले, "भाकरी एक आहे. दोन माणसं वगळून ती एक कशी राहील?" भोजन पुढं गेलं. सहा महिन्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा दोन नकार. असं चार वेळा झालं.

दोन वर्षांत काय काय झालं! लुओ बायका खिडकीच्या बाजूला बसायला लागल्या, जिता बायका दाराच्या बाजूला. अकेयोला मुलगा झाला, त्याचं नाव ठेवायला सगळं गाव आलं, दोरिका आली नाही. रस्त्यात समोरासमोर आल्या तर एकजण मासळीच्या वाळवणातून वाट काढायची.

आणि मी आजीच्या घरात फळीवर उपडी. आजीखेरीज सगळं माहीत असलेली मी एकटी. आजी रोज सकाळी माझ्याजवळ यायची. "आज सांगते," म्हणायची. संध्याकाळी म्हणायची, "आज अकेयोचं डोकं दुखत होतं, कसं सांगणार?" कधी चिडायची. "सांगू काय? की याकोबो डीकनच्या बायकोनं देवाच्या परातीनं पाणघोडा हाकलला? आणि वर लपवलं? त्या लग्नघरच्या बायका काय म्हणतील मला?" कधी नुसतीच रडायची. पहिल्या दिवशी ते एका वाक्याचं काम होतं. नंतर त्यात लेकीचा राग आला, सुनेचे अश्रू आले, आणि आजीच्यानं ते उचलेना.

त्यात तिचे पाय सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. आजीनं मला सांगितलं, "एकदा भोजन घेऊन जायचं होतं गं मला. शांतीनं." माझी झोप उडाली ती तेव्हा. परातीला झोप असते का, विचारू नका. ही बाई न सांगताच गेली तर? मग त्या दोघींना खरं कोण सांगणार? जन्मभर एकमेकींचं तोंड न बघता राहतील, आणि भोजन कधीच होणार नाही.

जानेवारी आला. त्या वर्षी काँगोहून आणि पाराग्वेहून पाहुणे बुसेंगेला येणार होते. सगळ्या मंडळीला वाटत होतं, निदान पाहुण्यांसमोर तरी भोजन व्हावं. पाळक चार लाल प्लास्टिकचे टब घेऊन आजीकडे आले.

"आजी, हे नवे आणलेत. ती जुनी परात टाकून द्या. भांडणाचं मूळच नको."

"टाकून देऊ?" आजीनं विचारलं.

"भोकाची परात ठेवून करायचंय काय?"

 ते गेल्यावर आजीनं मला उचललं आणि सुजलेल्या पायांनी, थांबत थांबत, सरोवरावर नेलं. गुडघाभर पाण्यात उतरली. तिथे होड्या नव्हत्या. तिनं मला पाण्यावर ठेवलं आणि हात सोडला. भोकातून पाणी वर आलं. माझ्या तळाशी साचलं, चढत गेलं. मला त्या थंड देशातल्या माणसांची आठवण झाली. मी बुडणार आणि माझ्याबरोबर खरंही बुडणार, हे मला कळत होतं. आजीलाही कळत होतं. काठ पाण्याला टेकला तेव्हा तिनं झडप घालून मला ओढलं.

"नाही," ती म्हणाली. "एवढं नाही करायचं मला." आणि मला छातीशी धरून तिथंच पाण्यात उभी राहून रडली.

शुक्रवारी बैठक झाली. आजीनं मला कांगेखाली लपवून नेलं आणि बाकाखाली ठेवलं. पाळकांनी एकेकाला विचारलं. अकेयोची पाळी आली.

"शांती आहे," ती उभी राहून म्हणाली. सगळ्यांनी माना वळवल्या. "भोक मी पाडलं. साबणही मीच लावला. वन्संची काही चूक नाही."

दोरिका ताडकन उठली. "काहीतरीच काय बोलतेस! भोक मी पाडलं. शनिवारी. हिनं काही केलेलं नाही."

"वन्सं, खाली बसा. मी पाडलं म्हणतेय ना!"

"तू कशी पाडशील? तू तर नुसती डोक्यावरून आणलीस!"

"आणि तुम्ही नुसती फडक्यानं पुसलीत! दोन वर्षं ओरडून सांगताय की!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. मला मात्र हसू येईना. दोघी आजीच्या सुजलेल्या पायांकडे बघून बोलत होत्या, हे बाकाखालून मला स्पष्ट दिसत होतं.

पाळक हसले नाहीत. "दोन वर्षं या भोकाला कुणी वाली नव्हता, आज एकदम दोन मालकिणी? आपण शपथ का घेत नाही? आपलं साधं बोलणं खरं असावं म्हणून ना? मग इथं एकजण तरी खोटं बोलतेय. खोट्यावर मी भाकरी मोडणार नाही. पाहुणे आले तरी नाही." आणि त्यांनी वही मिटली.

पाचव्यांदा! माझ्या मनात आलं, संपलं. आता ही म्हातारी सहावी खेप बघत नाही.

तेवढ्यात वरचा बाक करकरला. आजी उठली होती. तिनं वाकून मला बाहेर काढलं.

"एकजण नाही, दोघी खोटं बोलतायत," ती म्हणाली. "माझ्यासाठी. आणि दोन वर्षं मी खोटं बोलतेय, तोंड न उघडता. भोक मी पाडलं. कुदळीनं. रताळ्यांत पाणघोडा शिरला होता, त्याला हाकलायला ही वाजवली. साबण मी लावला. लाज वाटली म्हणून बोलले नाही. मग भांडण लागलं आणि भीती वाटली म्हणून बोलले नाही."

एवढंच. एका दमात. दोन वर्षं मी त्या वाक्यांची वाट पाहत होते, आणि ती संपली तेव्हा मला आणखीच भीती वाटली. कारण कुणी हसलं नाही.

दोरिका आधी बोलली. "आई, अकेयोचा मुलगा वर्षाचा झाला. माझा सख्खा भाचा. मी त्याला अजून हातात घेतलेलं नाही." ती बाक ओलांडून पुढं आली. "आणि तू रोज आम्हा दोघींच्या हातची मक्याची उगाली खात होतीस!"

 अकेयोनं मूल पाठीला बांधलं आणि बाहेर निघून गेली.

आजी उभीच होती. पाळक हळूच म्हणाले, "बसा आजी. आज खरं तर कळलं. शांतीचं रविवारी बघू."

रविवारी पाहुणे आले. गाणी झाली, उंच-खालच्या चार आवाजांत, छप्पर उचललं जाईल अशी. बायकांच्या बाजूला चार लाल टब मांडले. आजीनं मलाही आणलं होतं. तिनं मला एका रिकाम्या बाकासमोर ठेवलं आणि स्वतःच्या हातानं पाणी ओतलं. पाणी गळायला लागलं. बाकीच्यांचं सुरू झालं, टबांत पाय पडले, गळाभेटी झाल्या. आमच्यासमोरचा बाक रिकामा. माझ्यातलं पाणी अर्ध्यावर आलं. मग पाव राहिलं. मी मनात म्हणत होते, गळू नकोस, गळू नकोस, अजून थोडं थांब.

अकेयो आली. खिडकीच्या बाजूनं उठून, सगळ्यांसमोरून चालत आली. बाकावर बसली आणि चपला काढल्या.

"या आत्याबाई, इथं बसा," ती म्हणाली. "मी धुते तुमचे. तुमचे गुडघे..."

"गप बस," आजी म्हणाली. "पाय दे इकडं."

आणि ती खाली बसली. बाकाला धरून, एक सुजलेला पाय दुमडत, मग दुसरा. मला हिंदुस्थानातली ती बाई आठवली. आजीनं सुनेचा पाय दोन्ही हातांत घेतला आणि माझ्यात ठेवला. पण माझ्यात पाणी राहिलंच कुठं होतं? तळाला ओल तेवढी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मात एकदाच जिथं पाणी हवं होतं तिथं मी कोरडी!

धप्पकन कुणीतरी माझ्या शेजारी बसलं. दोरिका. तिनं आईकडे पाहिलं नाही, भावजयीकडे पाहिलं नाही. हात माझ्याखाली घातला आणि अंगठा भोकावर दाबला.

"ओता पाणी," ती काँगोच्या पाहुण्या बाईला म्हणाली. तिला भाषा कळली नाही, पण काम कळलं. तिनं ओतलं.

आजीनं सुनेचे पाय धुतले. टाचांच्या भेगा, बोटांच्या बेचक्या, सगळं सावकाश. अकेयो ओठ घट्ट मिटून रडत होती. अंगठ्याच्या कडेनं थोडं थोडं पाणी झिरपत होतं आणि दोरिकाची कांगा भिजत होती. दोरिकाचा राग गेला नव्हता. मला तिच्या अंगठ्यातून कळत होतं, तो माझ्या बुडात रुतत होता. पण तिनं तो काढला नाही. शेवटपर्यंत काढला नाही.

मग पाळकांनी भाकरी मोडली.

न्यामिसी आजी त्याच वर्षी मोठ्या पावसाळ्यात गेली. दोरिकाचा राग उतरायला तोवरचा काळ लागला, पण उतरला. अकेयोचा मुलगा आता आत्याच्याच घरी पडीक असतो. मला डाग देऊन आणायचं कधीचं ठरलंय, अजून ठरतंच आहे.

मित्रांनो, भांडी जपा. आम्ही बोलत नाही, पण आम्हाला लागतं. आणि जपूनही हातून काही फुटलं, तर त्याच दिवशी सांगा. चार बोलणी खावी लागतील, खा. साबण लावू नका.

परवा पुन्हा प्रभुभोजन आहे. दोरिका घासायला येईल, अकेयो डोक्यावर घेऊन जाईल, आणि मला आतापासूनच धाकधूक सुरू झालीय. लाल टब केव्हाच चिरले, पाणी माझ्यातच ओतणार. मग अंगठा कुणी लावायचा यावरून त्या दोघींचं जुंपेल. "आधी मी लावते." "छे, मागच्या खेपेला तुम्हीच लावला होतात वन्सं, सरका." ते भांडण मात्र होऊ दे.